कार्पासाठी रडलेला पोरगा

होर्की गावात स्लावेक कुबातला नावानं कुणी हाक मारत नाही. रड्या म्हणतात. पबात म्हणतात, चर्चच्या पायरीवर म्हणतात, मासे विकत घ्यायला येतात तेव्हाही म्हणतात. आणि गंमत बघा, या रड्याला मोठेपणी रडताना एकाही माणसानं पाहिलेलं नाही. त्याच्या बायकोनंसुद्धा नाही.

नाव पडलं ते सिनेमामुळे. दर नाताळला, घराघरात बटाट्याचं सॅलड कालवलं जात असतं आणि न्हाणीघरातल्या टबात सणाच्या जेवणासाठी आणलेला जिवंत कार्प मासा फेऱ्या मारत असतो, तेव्हा टीव्हीवर ‘टबातला पाहुणा’ लागतो. कढईच्या कानांसारखे कान असलेला एक पोरगा टबावर ओणवा होतो, बाप हातोडी घेऊन दारात उभा असतो, आणि पोरगा आपल्या बार्तोलोमेय नावाच्या माशासाठी असा काही टाहो फोडतो की अख्खा देश नाक पुसत बसतो. तो पोरगा म्हणजे आमचा स्लावेक. आता चाळिशी उलटलीय, पोट सुटलंय, कान मात्र तेवढेच आहेत.

स्लावेकनं सिनेमे केले तीन. तिन्ही व्होस्टालचे. बेद्रिख व्होस्टाल म्हणजे मोठं प्रस्थ. पोराबाळांचे, घरच्यांनी मिळून बघायचे सिनेमे काढायचा. एकदा शूटिंगला तो आमच्या तळ्यावर आला. सिनेमा परीकथेचा, त्यातला राजवाडा दुसरीकडे होता, पण बदकं-हंस आमचे हवे होते. प्रागहून आणलेला गोरागोमटा पोरगा हंसांना बघून गाडीत जाऊन बसला. स्लावेक तिथंच काठावर उभा होता. त्यानं एका हंसाला लाथ घातली, दुसऱ्याची मान धरली, आणि व्होस्टाल ओरडला, “हा! हाच पाहिजे मला!” झालं. पहिल्या सिनेमात तो हंसांमागचा पोरगा झाला, दुसऱ्यात वनरक्षकाचा धाकटा, जो माळ्यावरून पडतो आणि सगळ्यांना हसवतो, आणि तिसऱ्यात बार्तोलोमेयचा मित्र.

पण तोंड त्याचं, आवाज भलतीचा. तेव्हा सगळे संवाद मागाहून प्रागच्या स्टुडिओत बोलून भरायचे. स्लावेकची बोली आमची, तळ्याकाठची. व्होस्टालनं ऐकून कानांवर हात ठेवले. “याच्या तोंडात गरम बटाटा आहे का?” म्हणाला. मग स्वतःच्या मुलीला, अपोलेनाला, माइकपुढं उभी केली. ती स्लावेकपेक्षा थोडी मोठी, शहरात वाढलेली, शब्द कसे मोत्यांसारखे. पहिला सिनेमा गावात लागला, पडद्यावर स्लावेकनं तोंड उघडलं आणि आतून प्रागची मुलगी बोलली! लोक खुर्च्यांवरून खाली पडायचे बाकी होते. त्याचा बाप, मात्येय कुबात, तेवढा हसला नाही. म्हणाला, “कान तरी आपलेच आहेत की!”

एकच गोष्ट अपोलेनाला जमली नाही. टबावरचं ते रडणं. पोरगी माइकपुढं रडून रडून दमली, मग मोठ्या नट्यांनी करून बघितलं, पण कुणाचंच त्या तोंडाला बसेना. शेवटी सेटवरच्या टेपवर जे होतं तेच ठेवावं लागलं. म्हणजे तीन सिनेमांत मिळून स्लावेकचा स्वतःचा आवाज तेवढाच.

आता तो आवाज आला कुठून, ते ऐका.

स्लावेकचा बाप तळ्याचा राखणदार. ज्या घरात रोज मासे कापले जातात, तिथल्या पोराला माशासाठी रडायला सांगायचं म्हणजे माळ्याच्या पोराला मुळ्यासाठी रडायला सांगण्यासारखं. घरापासून लांब, सेटवर, सकाळपासून कॅमेरा लावून बसले होते. कांदा झाला, दटावणं झालं, चॉकलेट काढून घेऊन झालं. स्लावेक आपला टबातल्या माशाकडे बघून म्हणतोय, “डायरेक्टरसाहेब, हा मासा आजारी आहे. याचे कल्ले बघा ना.” लोक हसले. व्होस्टालला हसू आलं नाही. तो बाहेर गेला, थोड्या वेळानं परत आला, पोरासमोर उकिडवा बसला, खांद्यावर हात ठेवला.

“स्लावेक, बाळा,” तो म्हणाला, “होर्कीहून फोन आला होता. तुझे बाबा बांधावरून घसरले. तळ्यात. वर काढलं, पण उशीर झाला होता.”

कॅमेरा आधीच चालू होता.

सगळा देश दर नाताळला जे ऐकतो, ते हे आहे. माशासाठी नाही हो, बापासाठी! आणि व्होस्टालचं नीचपण तिथंच संपलं नाही. “मस्त! एकाच टेकमध्ये!” म्हणाला, आणि मग त्याला तेच रडणं जवळून टिपायचं होतं, मग पाठीमागून टिपायचं होतं, म्हणून त्यानं पोराला तसंच ठेवलं. दिवे विझेपर्यंत पोरगा रडत होता. शेवटी मेकअप करणाऱ्या बाईनं त्याचं तोंड पुसता पुसता सांगितलं, “अरे वेड्या, बाबा जिवंत आहेत तुझे. ते उगाच म्हणाले तसं.” व्होस्टाल तोवर जेवायला निघून गेला होता.

घरी आल्यावर स्लावेकनं बापाला सांगितलं, तर बाप पोट धरून हसला. “मेलो का मी? बरं झालं! आता शंभर वर्षं जगतो की नाही बघ.” पण त्यानंतर मासे काढायला तळं उपसायच्या दिवशी पोरगा बापाची पाठ सोडेना. बाप चिखलात उतरला की हा काठावरून ओरडायचा, “बाबा, हात दाखवा! बाबा, हात वर करा!” लोकांना वाटायचं, लाडावलंय पोर. सिनेमे त्यानं पुढं केले नाहीत.

बाप मेला तो स्लावेक ऐन जवानीत असताना, आणि पाण्यात नाही, स्वयंपाकघरात, हातात कॉफीचा मग घेऊन. शवपेटी खाली सोडली. सगळे रडले. स्लावेक खांबासारखा उभा. रडू यायला लागलं की त्याला टब दिसायचा, दिवे दिसायचे, ‘मस्त! एकाच टेकमध्ये!’ ऐकू यायचं. या माणसाला मी एकदा रडून पुरलंय, असं वाटायचं, आणि तेव्हा तर तो जिवंत होता! त्सिल्का आत्यानं तिथंच, कबरीच्या काठावर, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “माशासाठी ऊर बडवून रडला मेला, आणि जन्मदात्यासाठी डोळ्यांत टिपूस नाही.”

झालं, तिथून रड्या. दर नाताळला सिनेमा लागायचा आणि दर नाताळला ते वाक्य गावात नव्यानं फिरायचं.

स्लावेकनं डूख धरला. साप धरतो तसा. व्होस्टालचा फोटो पेपरात आला की तो त्यावर माशांची आतडी काढायचा. बायको, ब्लाझेना, म्हणायची, “अहो, त्याला पत्र लिहा, चार शिव्या द्या आणि मोकळे व्हा.”

“शिव्यांनी काय होतंय?” तो म्हणायचा. “त्याला तस्संच रडवणार मी. लोकांसमोर, कॅमेऱ्यासमोर. मग मरायला मोकळा मी.”

आणि एका ऑक्टोबरात देवानं म्हणा, सैतानानं म्हणा, संधी आणून दारात उभी केली. सिनेमाला तीस वर्षं झाली म्हणून टीव्हीवाल्यांना कार्यक्रम करायचा होता. म्हातारा व्होस्टाल आणि त्याचा लाडका बालनट, तळं उपसायच्या दिवशी, बांधावर, गळ्यात गळा घालून. सिमोना नावाची एक तरतरीत मुलगी विचारायला आली. स्लावेक लगेच हो म्हणाला. इतका लगेच की ब्लाझेनाच्या हातातला झारा थांबला.

ती मुलगी गेल्यावर ब्लाझेनानं विचारलं, “काय शिजतंय डोक्यात?”

“त्याला मुलगी आहे. अपोलेना. माझा आवाज झाली होती ती.”

“मग?”

“मग काय? फोन येणार आहे तिच्याबद्दल.”

ब्लाझेनाला कळायला क्षणभर लागला. “स्लावेक! डोकं ठिकाणावर आहे का? त्यानं काय केलं ते सरळ कॅमेऱ्यासमोर सांगा ना! जग थुंकेल त्याच्या तोंडावर.”

“सांगून काय होणार? हसेल तो. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, आणि त्याचं अजून जळलेलं नाही.”

“आणि त्या बाईनं काय घोडं मारलंय तुमचं?”

“तिला कुठं काय होणार आहे? बाबांना तरी कुठं काय झालं होतं?”

ब्लाझेनानं हातातला झारा आपटला आणि बाहेर निघून गेली.

तो दिवस उजाडला. तळ्याचं पाणी केव्हाच सोडून दिलं होतं, मासे सगळे बांधाशी खड्ड्यात गोळा झालेले, पाणी नुसतं उकळल्यासारखं दिसत होतं. रबरी विजारी घातलेली माणसं छातीभर चिखलात जाळं ओढत होती, काठावर बँड वाजत होता, रम घातलेला चहा आणि तळलेला मासा चालला होता. व्होस्टाल आला तो काठी टेकत, मोठी टोपी, गळ्यात रेशमी रुमाल. ऐंशीला टेकला होता, पण आवाज खणखणीत.

“अरे माझा पोरगा! कान बघा, कान! काही बदललं नाही!” त्यानं स्लावेकला मिठी मारली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

खरं सांगायचं तर त्या मिठीत स्लावेक थोडा ढिला पडला होता. म्हातारा हलका झाला होता, हाडं लागत होती. त्याला वाटलं, जाऊ दे, आज नको. पण म्हाताऱ्याचं नशीबच फुटकं. सिमोनानं विचारलं, “साहेब, ते प्रसिद्ध रडणं तुम्ही कसं काढून घेतलंत?” आणि व्होस्टालला चेव चढला.

“ते? ते माझं गुपित आहे!” तो कॅमेऱ्याकडे वळून डोळे मिचकावत म्हणाला. “हे लाकूड काही केल्या रडेना. मग मी सांगितलं, तुझा बाप तळ्यात बुडाला! आणि काय सांगू, नळ सुटला! संध्याकाळपर्यंत बंद होईना!”

तो हसला. आणि त्याच्याबरोबर लोकही हसले. होर्कीची माणसं, मात्येय कुबातबरोबर जाळं ओढलेली माणसं, ज्यांनी स्लावेकला जन्मभर रड्या म्हटलं ती माणसं, खी खी करून हसली. स्लावेकच्या मस्तकात असा जाळ गेला की बँड ऐकू येईना. तो म्हणाला, “एक मिनिट, डायरेक्टरसाहेब, ऑफिसातून कुणीतरी बोलावतंय मला,” आणि बांधावर ऑफिस म्हणून होतं त्या खोपटात गेला. आत कुणी नव्हतं. जुना काळा फोन होता, तो त्यानं उचललाही नाही. भिंतीला पाठ लावून उभा राहिला, दम घेतला आणि बाहेर आला.

कॅमेरा चालूच होता. स्लावेक म्हाताऱ्यासमोर उकिडवा बसला, कारण व्होस्टाल तोवर माशांच्या पालथ्या घातलेल्या क्रेटवर टेकला होता. त्यानं खांद्यावर हात ठेवला.

“डायरेक्टरसाहेब, प्रागहून फोन होता. तुमची अपोलेना. बेनेशोवच्या रस्त्यावर गाडी उलटली. तिला दवाखान्यात नेलं, पण उशीर झाला होता.”

व्होस्टालचं तोंड उघडं राहिलं. आधी त्याला कळलंच नाही. मग त्यानं टोपी काढली, का कोण जाणे, आणि मांडीवर ठेवली. “पोलिन्का?” तो तिचं लहानपणचं नाव घेऊन म्हणाला. मग मोठ्यांदा, “पोलिन्का!” आणि मग त्या खणखणीत आवाजातून असा हंबरडा फुटला की जाळं ओढणारी माणसं पाण्यात थबकली. बँड बंद पडला. म्हातारा क्रेटवरून घसरून चिखलात बसला, दोन्ही हातांनी चिखल धरून रडत होता. “मी तिच्याशी बोललो नाही,” म्हणत होता, “मी तिच्याशी बोललोच नाही!”

स्लावेक बघत होता. पोटभर बघत होता. तीस वर्षांची तहान होती. त्यानं ठरवलं होतं, संध्याकाळपर्यंत ठेवायचं, दिवे विझेपर्यंत. पण गर्दीतून ब्लाझेना वाट काढत आली, त्याच्या समोर उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, “बास.”

मग तो वाकला आणि म्हाताऱ्याच्या कानाशी, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “जिवंत आहे ती. मस्त झालं, साहेब. एकाच टेकमध्ये.”

कुणी हसलं नाही. तेव्हा बरे हसत होते सगळे, आता कुणाला हसू येईना! व्होस्टालनं शिवी दिली नाही, काठी उगारली नाही. तो उठायची धडपड करत म्हणाला, “फोन द्या. मला फोन द्या कुणीतरी.” सिमोनानं आपला मोबाइल त्याच्या हातात दिला. म्हाताऱ्यानं तो धरला, बटणांकडे बघत राहिला आणि त्याचा चेहरा आणखीच पडला. त्याला मुलीचा नंबर पाठ नव्हता. खिशात लिहिलेला नव्हता, घरीही नव्हता. पोटच्या पोरीचा नंबर! शेवटी सिमोनानं प्रागला कुठं कुठं फोन लावून तो शोधून काढला. पलीकडून बाईचा आवाज आला, “हॅलो? कोण बोलतंय?” आणि व्होस्टालच्या तोंडून शब्द फुटेना. तो नुसता श्वास घेत राहिला. मग त्याला गाडीत बसवून घेऊन गेले.

ते चित्रण टीव्हीवर कधी आलं नाही. पण गावाला टीव्हीची गरज काय? पबात स्लावेक बसला की शेजारचं बाक रिकामं व्हायला लागलं. त्सिल्का आत्या, आता नव्वदीला आलेली, तिनं रस्त्यात अडवून सुनावलं, “म्हाताऱ्या माणसाला रडवलंस? लाज नाही वाटली?”

“पोराला रडवलं तेव्हा तुम्हाला वाटली होती?” स्लावेक म्हणाला आणि पुढं निघून गेला. पस्तावा? छे. रात्री शांत झोप लागायची त्याला. मरायला मात्र तो काही मोकळा झाला नव्हता. टीव्हीवर सिनेमाची जाहिरात लागली की तोच टब, तेच दिवे डोळ्यांपुढं यायचे.

डिसेंबर आला. दरवर्षीप्रमाणे स्लावेकनं शहरातल्या चौकात निळे हौद मांडले, पाणी सोडलं, कार्प ओतले, टेबल लावलं, हातोडी ठेवली. नाताळच्या आधीच्या त्या दिवसांत रांग हटत नाही. “मारून देऊ की जिवंत?” एवढंच विचारायचं आणि हात चालवायचे. कडाक्याची थंडी होती.

रांगेतून एक बाई पुढं आली. साधा कोट, पिकलेले केस, बोलणं शुद्ध, प्रागचं. मासा न बघता त्याच्याकडेच बघत होती.

“मारून की जिवंत?”

“मी अपोलेना,” ती म्हणाली. “व्होस्टालची. ऑक्टोबरात मारलंत ना तुम्ही मला? बेनेशोवच्या रस्त्यावर?”

स्लावेकच्या हातात हातोडी होती. त्यानं ती खाली ठेवली नाही. “भांडायला आल्या असाल तर बाजूला उभ्या राहा. गिऱ्हाइकं खोळंबलीत.”

“भांडायचं होतं. आधी फार भांडायचं होतं.” तिनं हातमोजे काढून खिशात कोंबले. “तुमच्या तोंडचं सगळं मी बोलले लहानपणी. बाबा मागं उभे राहायचे आणि चुकलं की डोक्यात टपली मारायचे. ते रडणं जमलं नाही म्हणून आठवडाभर बोलले नाहीत माझ्याशी. नंतर तर बोलणंच सुटलं. माझ्या लग्नाला आले नाहीत, नातवाला पाहिलं नाही. तुम्ही एकटेच नव्हता हो त्यांच्या हाताखाली.”

स्लावेकनं हातोडी टेबलावर ठेवली.

“आता रोज सकाळी फोन करतात,” ती म्हणाली. “रोज. मी उचलला की विचारतात, ‘आहेस ना?’ मी म्हणते, ‘आहे.’ सुरुवातीला तेवढंच. आता हवापाणी, गुडघे, नातवाची शाळा. परवा तर तासभर बोलले.”

स्लावेकच्या अंगाचा तिळपापड झाला. “म्हणजे मी त्याचं भलं केलं? जन्मभर दात-ओठ खाल्ले ते त्याला त्याची पोरगी परत मिळवून द्यायला?”

“त्यांचं नाही,” अपोलेना म्हणाली. “माझं केलंत. ठरवून केलं नाहीत ते माहिताय मला, म्हणून आभार नाही मानत.”

मागची बाई पाय आपटत म्हणाली, “अहो, मासा घेताय की लग्न जमवताय?”

“एक जिवंत द्या,” अपोलेना म्हणाली. “बाबा नाताळला आमच्याकडे आहेत.” मग आवाज खाली आणून, “ते आलेत. तिकडे, औषधाच्या दुकानासमोर, गाडीत बसलेत. सकाळपासून म्हणतायत, त्याच्या पाया पडतो, चारचौघांत पडतो. बोलावू?”

स्लावेकनं तिकडे पाहिलं. गाडीच्या काचेआड टोपी दिसत होती. टोपीखालचा चेहरा त्याच्याकडेच बघत होता, आणि नजर मिळाल्यावर खाली झुकला. चौक माणसांनी भरला होता, होर्कीचेही चारपाच जण रांगेत होते, तेच, हसणारे. आत्ता बोलावलं असतं तर सगळ्यांसमोर, त्या बर्फाच्या चिखलात, बेद्रिख व्होस्टाल वाकला असता. आणि वाकून उठला असता तो मोकळा होऊन, हलका होऊन, मुलीकडे नाताळ करायला.

स्लावेकनं हौदात जाळी घातली, चांगला मोठा कार्प काढला, पिशवीत पाणी भरून त्यात सोडला आणि गाठ मारून तिच्या हातात दिला.

“नको,” तो म्हणाला. “तिथंच बसू दे त्याला. माफ केलं नाही म्हणावं. मी मरेपर्यंत करणार नाही, तो मेला तरी करणार नाही.”

अपोलेनानं मान हलवली आणि वळली. ती दोनचार पावलं गेली असेल, तेवढ्यात स्लावेकनं मागून ओरडून सांगितलं, “आणि फोनात एक दिवस जरी खाडा केला, तर गाठ माझ्याशी आहे म्हणावं!”